देहाचा वारसा आणि क्रियमाण कर्म

ज्या व्याधीवर आजमितीस मूळ उपटणारा इलाज नाही, जी पित्याकडून वा मातेकडून बीजाबरोबरच आली आहे आणि जी हयातीत कमी न होता वाढतच जाणार असे वैद्याने विचारपूर्वक सांगितले आहे, त्या व्याधीने ग्रासलेल्या माणसाने रोज सकाळी उठून पाऊल उचलण्याचा, तोल सांभाळण्याचा, बसल्या जागेवरून हाताचा आधार न घेता उभे राहण्याचा अभ्यास कशासाठी करावा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटला, तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. अभ्यासाने रोग हटेल असे आश्वासन देता आले असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. फळ समोर दिसत असले म्हणजे कर्माचे समर्थन करावे लागत नाही. येथे अंतिम फळ प्रतिकूल आहे हे आधीच ठाऊक आहे, आणि तरीही भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाला सांगतो की, उद्या पुन्हा चाला. या सांगण्याला आपल्या तत्त्वविचारात आधार आहे की नाही, आणि असल्यास तो कोणता, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. हंटिंग्टनच्या व्याधीत हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या अनावर हालचाली सुरू होतात, पुढे चालणे, बोलणे, गिळणे बिघडते, विचारशक्ती व स्वभाव यांतही पालट होतो. आणि हे सारे बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे माणूस संसाराच्या ऐन मध्यावर उभा असताना, प्रकट होते. अमेरिकेतील लाँग आयलंड येथे वैद्यकी करणाऱ्या घराण्यातील जॉर्ज हंटिंग्टन या २२ वर्षांच्या डॉक्टरने १८७२ साली या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या गाठीशी स्वतःचा अनुभव थोडाच होता. परंतु त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी त्याच परिसरातील त्याच कुटुंबांवर उपचार केले होते, आणि वैद्यांच्या तीन पिढ्यांचे निरीक्षण एका ठिकाणी आले म्हणूनच पिढ्यांतून उतरणारा हा रोग ओळखता आला. १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर त्याचा माग लागला आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक क्रम पुनःपुन्हा येतो. ही आवर्तने ४० किंवा त्याहून अधिक झाली की, आयुष्य पुरेसे लाभल्यास, व्याधी प्रकट होते, आणि रोगग्रस्त माता किंवा पिता यांच्या प्रत्येक अपत्याकडे ती उतरण्याची शक्यता निम्मी असते. जर्मनीतील निकोलाउस फ्रीडराइख याने १८६३ साली वर्णिलेल्या असंतुलनाच्या व्याधीची रीत निराळी आहे: तेथे आई व वडील दोघेही स्वतः निरोगी असून सदोष जनुकाचे वाहक असतात, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक या प्रमाणात धोका राहतो. जेथे मामेबहिणीशी विवाह करण्याची वहिवाट आहे, तेथे असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. लहान मेंदू आणि मज्जारज्जू यांचा क्रमाने ऱ्हास करणारे आणखीही अनेक आनुवंशिक विकार आहेत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: चेतापेशी क्षीण होतात, आणि गेलेल्या पेशी परत आणण्याची विद्या अद्याप मानवाला साधलेली नाही.

आता अशी एखादी व्याधी मध्य प्रदेशातील पांढुर्णा किंवा सौंसर येथील एखाद्या घरात आली, असे कल्पून पाहावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्याच छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची हद्द बदलली, पण मराठी भाषा, संत्र्यांच्या बागा, कापसाची शेती आणि दुखणे बळावले की नागपूरची वाट धरण्याची रीत या मुलखातून गेली नाही. येथे जमिनीचा वारसा पटवाऱ्याच्या दप्तरात नोंदला जातो. नामांतरणाचा अर्ज होतो, हरकती मागवल्या जातात, हुकूम निघतो आणि कोणाच्या वाट्याला किती आले हे कागदावर उमटते. देहाच्या वारशाचे मात्र दप्तर नाही. आजोबा शेवटी शेवटी झोकांड्या खात चालत, आत्येला जेवताना ठसका लागे, एक काका ऐन उमेदीत विचित्र वागू लागले, अशा तुटक आठवणींच्या रूपानेच तो घरात वावरतो, आणि त्या आठवणी एकत्र जुळवणारा कोणी भेटेपर्यंत एखादी पिढी निघून गेलेली असते. सिकलसेलमुळे या भागातील लोकांना, विशेषतः आदिवासी बांधवांना, रक्तातून उतरणाऱ्या रोगाची कल्पना आता येऊ लागली आहे. त्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. मेंदूच्या सावकाश ऱ्हासाला मात्र अजून लोकांच्या बोलण्यात नाव नाही, आणि ज्याला नाव नसते त्याला समाज आपल्याजवळचे नाव देऊन टाकतो. अडखळत चालणाऱ्याला पिणारा ठरवले जाते, अनावर हालचालींना अंगात आले म्हटले जाते, आणि एकाच घरात दुसरा माणूस आजारी पडला की बाहेरची बाधा किंवा पूर्वजांचे पाप यांचा निर्णय विनाचौकशी लागतो.

सौंसरजवळच्या जामसावळी येथे हनुमंताचे प्रसिद्ध देवस्थान आहे. पहुडलेल्या स्थितीतील त्या मूर्तीसमोर शरीराने व मनाने पिडलेली माणसे दूरदूरच्या गावांहून आणली जातात, आणि कित्येक कुटुंबे तेथे मुक्काम करून राहतात. त्या श्रद्धेला तुच्छ लेखणाऱ्या मनुष्याने दुःख जवळून पाहिलेले नसते, असे मला वाटते. जेथे रुग्णाला कोणी हाकलून देत नाही, त्याच्या वेड्यावाकड्या हालचालींकडे पाहून कोणी हसत नाही आणि बरोबर आलेल्या आईला आपल्यासारखीच दुसरी आई भेटते, तेथे दुखण्याचा भार काही अंशी हलका होतोच. माझा विरोध देवदर्शनाला नाही. व्याधी म्हणजे पापाची शिक्षा, या कल्पनेला माझा विरोध आहे. कारण ती कल्पना रोग्याचे दुःख दुप्पट करते आणि त्याच्या हातून अभ्यासही काढून घेते.

या कल्पनेचा न्यायाच्या दृष्टीने विचार करून पाहा. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, तो त्याचा धर्मच आहे, असा सिद्धान्त हिंदू विधिशास्त्रात दीर्घकाळ मान्य होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरता तो रद्द केला, आणि केवळ धार्मिक दायित्वाच्या आधारावर पुत्र, पौत्र वा प्रपौत्र यांच्याकडून पूर्वजाचे कर्ज वसूल करता येणार नाही असे ठरवले. जेथे पैशाचे ऋण वंशजाच्या माथी मारणे आपण अन्यायाचे मानतो, तेथे ज्याचा पुरावा नाही, साक्ष नाही, मुदत नाही असे पापाचे ऋण एखाद्या कोवळ्या मुलीच्या माथी मारणे कोणत्या धर्माला शोभेल? शिवाय कर्मसिद्धान्त नीट वाचला तर त्यालाही हे मान्य नाही. ज्याने त्याने आपल्याच कर्माचे फळ भोगावे हा त्याचा गाभा आहे. आजोबांच्या पापाने नात लंगडते, असे म्हणणारा त्या सिद्धान्ताचे मूळच तोडतो. आणि एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकाकडे सदोष जनुक येते व दुसऱ्याकडे येत नाही, यात कोणाचा गुण वा अपराध नसून निसर्गाच्या वाटणीचा केवळ योग असतो. आपल्या प्राचीन वैद्यांनीही येथे पापाच्या आधी बीजाचाच विचार केला होता. बीजाचा जो भाग दुष्ट होतो त्यापासून घडणाऱ्या अवयवात विकृती येते, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रतिपादन आहे, आणि शुक्रशोणिताच्या दोषातून येणाऱ्या रोगांचा सुश्रुताने स्वतंत्र वर्गच केला आहे.

मग प्रारब्धाचे काय? वेदान्ताने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भेद केले, ते माणसाने हात जोडून स्वस्थ बसावे म्हणून केलेले नाहीत. जे फलोन्मुख झाले आहे ते भोगूनच संपेल, हे मान्य करून, जे आज या क्षणी घडते आहे त्याचा कर्ता माणूस आहे, हे ठासून सांगण्यासाठी ते केले आहेत. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ रामाला दैवाची भीती सोडावयास सांगतात आणि दैव म्हणजे पूर्वीच्या पौरुषाहून निराळे काही नाही असे बजावतात. चरकाने विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात हाच वाद वैद्याच्या भूमिकेवरून चालवला आहे: आयुष्य सर्वस्वी नियत असते तर औषधाची, पथ्याची आणि संकटापासून दूर राहण्याची कोणाला गरजच उरली नसती, असा त्याचा युक्तिवाद आहे. जनुक हे प्रारब्धाच्या जागी आहे असे मानावयाचे तर खुशाल मानावे. परंतु त्या जनुकासह आजचा दिवस कसा जगावा, हे क्रियमाण आहे, आणि त्यावर जनुकाची सत्ता पूर्ण चालत नाही.

या ठिकाणी आयुर्वेदाने केलेला एक भेद मला अत्यंत मोलाचा वाटतो. रोग एक तर बरा होतो किंवा होत नाही, अशी दोनच दालने आपण सामान्यतः कल्पितो. जुन्या वैद्यांनी साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये याप्य नावाचे एक दालन ठेवले. जो रोग समूळ जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत रोग्याला धरून ठेवता येते आणि उपचार थांबताच जो उसळतो, तो याप्य. सुश्रुताने त्यासाठी दिलेला दृष्टान्त मार्मिक आहे: कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसा योग्य उपचार अशा रोग्याला सावरून धरतो. टेकूने जुने घर नवे होत नाही, परंतु त्या घरात आज रात्री माणसे निजू शकतात, चूल पेटू शकते, मुले अभ्यास करू शकतात. आणि ज्याला त्या छपराखाली राहावयाचे आहे त्याच्या लेखी हे फळ मुळीच गौण नाही.

भौतिकोपचार म्हणजे असाच योग्य जागी दिलेला आधार होय, आणि त्याला आज प्रयोगांचे प्रमाणही आहे. लहान मेंदूचा ऱ्हास होत असलेल्या ४२ रुग्णांवर जपानमध्ये झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस दोन दोन तास आणि उरलेले दोन दिवस एक एक तास, तोल, चालणे व दैनंदिन कामे यांचा सराव त्यांच्याकडून करून घेण्यात आला. असंतुलन कमी झाले, दैनंदिन कामे सुधारली, आणि २४ आठवड्यांनंतरही २२ रुग्ण निदान एका मापात आरंभापेक्षा बऱ्या स्थितीत होते. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनाही चार आठवड्यांच्या कसून केलेल्या सरावानंतर अशीच सुधारणा आढळली. ज्या लहान मेंदूने हालचाल शिकावयाची तोच झिजत असता माणूस शिकू शकेल काय, अशी जी रास्त शंका होती, तिचे उत्तर असे मिळाले की, झिजता मेंदूही शिकतो. फक्त त्याला अधिक वेळ व अधिक आवर्तने लागतात. हंटिंग्टनच्या व्याधीसाठी तज्ज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक शिफारशींत, दम वाढवणारा व्यायाम स्नायूंच्या बळकटीच्या व्यायामासह करणे आणि देखरेखीखाली चालण्याचा सराव करणे, या दोहोंना सर्वांत भक्कम आधार असल्याचे म्हटले आहे. तोल, श्वसन, बसण्याची ठेवण आणि अखेरच्या अवस्थेतील शुश्रूषा यांचाही त्यात विचार आहे. जनुक बदलले नाही. मात्र पडणे टाळणे, स्वतःच्या हाताने जेवणे, अंगणापर्यंत जाणे या गोष्टींची मुदत वाढवता येते.

पण ही मुदत कोणाला मिळते? जो अभ्यास सोडत नाही त्याला. सराव थांबला की मिळवलेले ओसरू लागते, हे प्रयोगांचे म्हणणे आणि उपचार थांबताच याप्य रोग उसळतो हे सुश्रुताचे म्हणणे, यांत अंतर नाही. पतंजलीने अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरपूर्वक व्हावा अशी अपेक्षा केली, ती चित्ताच्या निरोधासाठी केली असली तरी या रुग्णाच्या दिनचर्येला ती अक्षरशः लागू पडते. सौंसरच्या घरात यासाठी महागडी यंत्रे लागतात असेही नाही. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तोल धरावा, खाटेच्या काठावरून दहा वेळा उठावे व बसावे, ओसरीच्या खांबांमधून वळणे घेत चालावे, पायरी चढावी व उतरावी, दीर्घ श्वास घेऊन मोठ्याने हरिपाठ म्हणावा. मात्र ही योजना त्या त्या रुग्णास तपासून जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाने आखून द्यावी, कारण एकाला हितकर असलेला व्यायाम दुसऱ्यास पाडू शकतो. जेवताना पाठ ताठ व हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा, कोरड्या भाकरीऐवजी दुधात कुस्करलेला काला द्यावा; हंटिंग्टनच्या रोग्याचे वजन झपाट्याने उतरते, म्हणून त्याच्या ताटात तूप अधिक असावे. न्हाणीघरात दोन कठडे बसवावेत आणि निसरडी फरशी खरखरीत करून घ्यावी. पतंजलीचा आदरपूर्वक अभ्यास तो हाच.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फळाची आशा सोडून कर्म करा, हा गीतेचा उपदेश धडधाकट माणसाने थरथरणाऱ्या माणसाला करणे क्रूरपणाचे नाही काय? ज्याची आशा दैवानेच हिरावली आहे त्याला आशा सोड म्हणून सांगण्यात कसले अध्यात्म? हा आक्षेप खरा आहे, जोवर निष्काम कर्म म्हणजे फळाविना कर्म असे आपण समजतो तोवर. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. त्यांत बाह्य कर्माला आतल्या चित्ताची जोड मिळाली म्हणजे त्या कर्माचे ओझे उरत नाही, असा विचार त्यांनी मांडला आहे. हा विचार मला या रुग्णाच्या बाबतीत अर्थपूर्ण वाटतो. त्याच्या व्यायामाचे फळ रोगमुक्तीत शोधले तर तो रोज हरतो. तेच फळ आजच्या पावलात शोधले तर पाऊल पडले त्याच क्षणी ते पदरात पडते. त्याने आशा सोडावयाची नाही, तर जेथे ती निश्चित फसणार तेथून काढून, जेथे ती आज पुरी होते तेथे ठेवावयाची आहे. आणि हा उपदेश करण्याचा अधिकार त्यालाच, जो उपदेश करून निघून न जाता रुग्णाच्या काखेत हात घालून दुसऱ्या दिवशीही त्याच्याबरोबर चालतो. येथे कर्म एकट्या रुग्णाचे नाही. आधार देणाऱ्या पत्नीचे, मुलाचे, तज्ज्ञाचे आणि शेजाऱ्याचेही ते कर्म आहे.

या अभ्यासालाही मर्यादा आहे. एक वेळ अशी येते की शरीर उठत नाही, आणि तेव्हा उठण्याचा आग्रह धरणे ही हिंसा ठरते. त्या अवस्थेत दर दोन तासांनी कूस बदलणे, सांधे आखडू नयेत म्हणून हळुवार हलवणे, छातीतला कफ मोकळा करणे, मान टेकवून बसवणे, हाच भौतिकोपचार असतो. त्याचप्रमाणे, अद्याप निरोगी असलेल्या मुलाने जनुकाची तपासणी करून घ्यावी की नाही, हा निर्णय तो सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन, त्याचा त्यानेच करावयाचा आहे. सोयरिकीच्या भीतीने किंवा वडीलधाऱ्यांच्या दडपणाने तो कोणी त्याच्यावर लादू नये.

व्यक्तीचे क्रियमाण येथे संपते आणि समाजाचे सुरू होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार, म्हणजे परस्परांवर दगडफेक, होते, आणि त्या दिवशी जखमी होणाऱ्यांसाठी प्रशासन डॉक्टर, औषधे व रुग्णवाहिका यांची तजवीज आधीपासून करते. एका दिवसाच्या जखमांसाठी जे नियोजन शक्य आहे, ते वर्षानुवर्षे सावकाश झिजणाऱ्या देहांसाठी अशक्य म्हणता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात दीर्घकालीन चेताविकारांना दिव्यांगत्वाच्या प्रकारांत स्थान आहे. पार्किन्सन व मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावे तेथे उदाहरणादाखल आहेत, तेव्हा हंटिंग्टनच्या किंवा असंतुलनाच्या रुग्णाचा अर्ज केवळ त्याच्या रोगाचे नाव यादीत नाही या सबबीवर बाजूस सारला जाऊ नये. नव्या जिल्ह्याने आपल्या रुग्णालयात भौतिकोपचाराचे दालन नित्य चालू ठेवावे, आणि तेथील तज्ज्ञाने घरच्या माणसांना शिकवून धाडावे, म्हणजे दर वेळी नागपूर गाठण्याचा खर्च व मोडणारी मजुरी वाचेल. ज्या गावांत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होते, तेथे प्रार्थनेनंतर एका रुग्णाला चार जणांनी मिळून अर्धा तास चालवावे. ग्रामसेवेला देवपूजा मानणाऱ्या परंपरेला हे काम परके नाही. जामसावळीसारख्या देवस्थानानेही दर्शनास येणाऱ्या अशा रुग्णाला चेतातज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला आणि पत्ता द्यावा. त्याने देवाचे माहात्म्य उणे होणार नाही.

वारशाने काय आले यावर माणसाचा अधिकार नसतो, आणि म्हणून त्याबद्दल त्याला दोषी धरण्याचा अधिकार इतरांनाही नसतो. आलेल्या वारशासह आज काय करावयाचे, एवढाच प्रदेश धर्माच्या अखत्यारीत आहे. तेव्हा आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असा कोणी असेल, तर त्याच्या पूर्वजांची पापे मोजू नका. त्याला आज कोणता व्यायाम सांगितला आहे ते विचारा, आणि त्या वेळेला त्याच्या शेजारी उभे राहा.